उसने हात

माझ्या वहीत त्या संध्याकाळी ३१ नावं होती. तारीख २४ मार्च २०२०. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी वसतिगृहात, चौथ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत मी ती वही मांडीवर घेऊन बसले होते. आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून २१ दिवस देश बंद, असं सांगून गेले. वहीतली ३१ माणसं गेल्या पंधरवड्यात माझ्या हाताखालून गेलेली. कुणाचा हर्निया, कुणाचं पित्ताशय, कुणाची मूळव्याध, दोघींच्या स्तनातल्या गाठी, आणि मधुमेहामुळे पायाचा अंगठा गमावलेले एक मास्तर. शस्त्रक्रिया झाली की आम्ही रुग्णाला एकच वाक्य सांगून घरी पाठवतो, “दसवें दिन आना, टांके निकालेंगे.” बार्शीकडच्या माणसाला मी कधी ‘दहाव्या दिवशी या’ म्हणत नाही, ‘दहा दिवसांनी या’ म्हणते. आपल्याकडे दहाव्या दिवसाचा अर्थ वेगळा. दिल्लीत ते पथ्य नाही. त्या संध्याकाळी मात्र ‘दसवां दिन’ माझ्याही कानाला बरा वाटला नाही. दिवस उजाडणार होता आणि यायला रस्ता नव्हता.

तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला, ही आरोग्य मंत्रालयाची सूचना २० मार्चलाच आली होती. एम्सने २४ तारखेपासून ओपीडी बंद केली, आमच्याही दाराला कुलूप लागलं. मेट्रो २२ तारखेपासून ठप्प होती. माझं वय ६१ आणि रक्तात साखर, म्हणून वरिष्ठांनी मला कोविडच्या वॉर्डापासून दूर ठेवलं आणि म्हणाले, “तुम्ही फोनवर बसा.” पस्तीस वर्षं ज्या बाईने हातांनी काम केलं, तिला फोनवर बसवणं म्हणजे सुताराला लाकडाचा फोटो देण्यासारखं होतं. रागच आला होता. त्या रागातूनच मी मागचं वाचायला लागले. रोग्याला हात न लावता उपचार करायचा हा उद्योग पहिल्यांदा कुणी केला आणि त्याचं पुढे काय झालं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

शोधायला लांब जायची गरज पडली नाही. सुरुवात खिडकीखालच्या रस्त्यातच होती.

कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत हा रस्ता जेमतेम दीड किलोमीटरचा. मी दिल्लीत आले तेव्हा बसचे कंडक्टर ‘कर्झन रोड’ असंच ओरडायचे. मॅक्सम्युलर भवन, हिंदुस्थान टाइम्सची इमारत, चार्ल्स कोरियांनी बांधलेलं ब्रिटिश कौन्सिल, आणि २०१३ पासून आपलं नवं महाराष्ट्र सदन, हे सगळं याच रस्त्यावर. सदनात साबुदाणा वडा खायला जाणं हा माझा रविवारचा नेम होता. टाळेबंदीत या रस्त्यावर इतकी शांतता पसरली, की अग्रसेनच्या बावडीकडची कबुतरं खोलीत ऐकू यायची.

ज्या कर्झनचं नाव या रस्त्याला होतं, त्याने राजधानी दिल्लीला हलवायला विरोध केला होता; तरी दिल्लीने त्याला रस्ता दिला. तो १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय होता, म्हणजे प्लेगच्या ऐन वर्षांत. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. २०२० मध्ये जो लागू केला तो हाच कायदा, सव्वाशे वर्षांचा. त्या प्लेगमधली लोकांची तक्रार आमच्या काळाच्या अगदी उलटी होती. तेव्हा हात फार लावला जात होता. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा आणि जांघा चाचपून गाठी शोधायचे, पुण्यात गोरे सोल्जर घरात शिरायचे. बायकांच्या अंगाला परक्या पुरुषाचा हात, ही गोष्ट पुण्याला सोसवली नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागे हाही संताप होता. त्याच साथीत मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याचं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन त्यांनी ते आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात आणलं होतं. एकाच वर्षी, एकाच शहरात, रोग्याला लागलेले हे दोन प्रकारचे हात. एकाचा पुण्याला तिटकारा आला, दुसऱ्याची आठवण आपण अजून काढतो.

आणि मग कस्तुरबा. आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्या गेल्या, हे शाळेत शिकलो होतो. शेवटच्या दिवसांचा तपशील मी टाळेबंदीत वाचला. त्यांच्याजवळ दोन डॉक्टर होते, डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर. दोघेही स्वतः कैदीच. लाहोरचे वैद्य शिव शर्मा यांना उपचारासाठी येऊ दिलं, पण रात्री आत राहायची परवानगी सरकारने दिली नाही. रुग्ण रात्री अत्यवस्थ व्हायचा. म्हणून वैद्यराज पॅलेसच्या फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपायचे, हाक आली की आत जायचे. अखेर गांधीजींना त्याबद्दल सरकारला पत्र लिहावं लागलं. शेवटी पेनिसिलिनसुद्धा आलं, पण टोचलं गेलं नाही. मी खिडकीशी उभी राहून खालच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत होते. या रस्त्याला जिचं नाव आहे, तिचा वैद्य तिच्यापासून फाटकाएवढ्या अंतरावर मोटारीत जागा होता. माझ्या आणि माझ्या ३१ माणसांमध्येही आता तसंच एक फाटक पडलं होतं.

माझे वडील, अण्णा, बार्शीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी, आमची ‘लाइट’, कुर्डुवाडीहून १८९७ मध्ये सुरू झालेली. माझ्या लहानपणीही ती तशीच धावायची. पांगरी-येडशीकडून सकाळच्या गाडीने चिठ्ठ्या यायच्या. गावच्या मास्तरांनी लिहिलेल्या. ‘कोंडीबाच्या आईस तीन दिवस हिवताप, पोटात अन्न ठरत नाही, जीभ पांढरी.’ डॉक्टर ती वाचून दोन प्रश्न विचारायचे, तेही चिठ्ठी आणणाऱ्याला. अण्णा मिक्श्चर ढवळून बाटलीत भरायचे, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती डिंकाने बाटलीवर चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. संध्याकाळच्या गाडीने बाटली परत. रोगी डॉक्टरला दिसला नाही, डॉक्टर रोग्याला दिसला नाही, आणि कुणाला त्यात नवल वाटलं नाही. मास्तरांनी जीभ बघितली होती, अण्णांच्या हातांनी औषध मोजलं होतं, घरच्या सुनेने खाचेपर्यंत औषध पाजलं होतं. मधल्या माणसांची ही साखळी पक्की होती.

ही साखळी त्याहून किती जुनी, याचा पुरावा आपल्या आनंदीबाई जोशी. कलकत्त्यात असताना त्यांना डोकेदुखी आणि अशक्तपणाने घेरलं, तेव्हा अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी, ज्यांची ओळख फक्त पत्रांतून झाली होती, त्यांच्यासाठी औषधं पाठवली. जिने पुढे डॉक्टर व्हायला समुद्र ओलांडला, तिच्यापर्यंत आधी औषध समुद्र ओलांडून आलं.

टेलिफोन निघाल्यावर डॉक्टरांनी त्याचा उपयोग लगेच ओळखला. १८७९ मध्ये, म्हणजे टेलिफोनला पुरती चार वर्षंही झाली नव्हती तेव्हा, ‘द लॅन्सेट’ या वैद्यकाच्या साप्ताहिकात एक हकिगत छापून आली. मध्यरात्री एका आईने बाळाच्या आजीला फोन केला, बाळाला घसा सुजून येणारा ‘क्रूप’चा खोकला आहे म्हणून; आजीने डॉक्टरला उठवलं. डॉक्टर म्हणाला, बाळाला फोनजवळ धरा. खोकला ऐकला, घाबरण्यासारखं नाही असं सांगितलं आणि झोपी गेला. ही गोष्ट टेलिफोनचं कौतुक म्हणून सांगतात. मला त्यात दिसते ती आई, काळोखात बाळाला उचलून यंत्रापुढे धरून उभी राहिलेली. १९०५ मध्ये हॉलंडमधल्या लायडन गावी आइंटहोवेन यांनी रुग्णालयातल्या रोग्याच्या हृदयाचा आलेख तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत उतरवला. अंतर दीड किलोमीटर, म्हणजे साधारण माझ्या या रस्त्याएवढं. तिथेही रोग्याच्या हातापायांना तारा जोडायला रुग्णालयात कुणीतरी होतंच.

आपल्या देशात मार्च २००० मध्ये चित्तूर जिल्ह्यातलं अरगोंडा हे खेडं चेन्नईच्या रुग्णालयाशी जोडलं गेलं, उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन होते. पुढच्याच वर्षी इस्रोने उपग्रहावरून दवाखाने जोडायला सुरुवात केली. आम्ही सर्जन त्या सगळ्याकडे जरा लांबूनच बघत होतो. आमच्या मते तो फिजिशियन लोकांचा खेळ. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या मारेस्को यांनी यंत्रमानवाच्या हातांनी फ्रान्समधल्या एका बाईचं पित्ताशय काढलं, ती बातमी कळली तेव्हा आमच्या विभागात चर्चा झाली. पण शस्त्रक्रियेनंतर चारच दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे पडले होते, आणि ती बातमी त्या धुळीखाली गाडली गेली.

सर्जनच्या नाराजीला आधार सुश्रुताचा. त्याने १०१ यंत्रं सांगितली आणि वर म्हटलं, त्यात मुख्य यंत्र हात. हाताशिवाय बाकीची चालत नाहीत. रोगी कसा तपासावा, याचे त्याने सहा मार्ग सांगितले. पाच इंद्रियं आणि सहावा प्रश्न. फोनवर त्यातलं काय उरतं? प्रश्न उरतो, कान उरतो, व्हिडिओ असेल तर अर्धा डोळा. स्पर्श गेला, वास गेला. पोटावर हात ठेवून हळूच दाबावं आणि झटकन सोडावं, तेव्हा रोग्याच्या चेहऱ्यावर जी आठी उमटते, तिच्यावर आम्ही पोट उघडायचं की नाही ते ठरवतो. ती आठी पडद्यावर कशी बघायची?

शिवाय भीती होती कायद्याची. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका प्रकरणात डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. सिझेरियन झालेली बाई घरी गेल्यावर आजारी पडली, पुन्हा दाखल झाली, डॉक्टर गावाबाहेर होते, औषधं फोनवरून सांगितली गेली, बाई दगावली. त्या निकालानंतर देशभरच्या डॉक्टरांनी फोनवर औषध सांगायचा धसका घेतला. मीसुद्धा. कुणाचा फोन आला की माझं ठरलेलं उत्तर असायचं, “आके दिखाओ.” त्या खटल्याचा धडा मात्र फोनपुरता नव्हता. बाईच्या उशाशी, पोटावर हात ठेवून, ‘हे साधं दिसत नाही’ असं म्हणू शकेल असं जबाबदार कुणी नव्हतं. चिठ्ठी होती, बाटली होती, मधला मास्तर गळाला होता.

२५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. मेडिकल कौन्सिलच्या जागी नेमलेल्या मंडळाने नीती आयोगाच्या मदतीने केलेली. मे महिन्यात ती राजपत्रातही आली. मी ती छापून घेऊन पेन्सिलने रेघा मारत वाचली. फोन, व्हिडिओ, संदेश, तिन्ही चालतील. डॉक्टरने नोंदणी क्रमांक सांगायचा. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती आहे असं धरायचं. त्याच दुखण्यासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष भेट झाली असेल तर तो जुना रुग्ण. म्हणजे माझे ३१ च्या ३१ नियमात बसले. दूर बसून शस्त्रक्रिया करण्याला मात्र या तत्त्वांत थारा नव्हता. अमली वर्गातली औषधं फोनवर लिहायची नाहीत. हे आम्हाला चांगलंच बोचलं, कारण टाके दुखले की आम्ही सर्रास लिहून देतो ते ट्रॅमाडॉल २०१८ पासून त्या वर्गात गेलेलं. उरलं पॅरासिटामॉल आणि गोड बोलणं.

पण माझी पेन्सिल थांबली ती एका वेगळ्या जागी. डॉक्टरशी कोण बोलू शकतं, याचे प्रकार त्यात सांगितले होते. रुग्ण स्वतः; दुसरा डॉक्टर; आरोग्य सेविकेसारखा कार्यकर्ता; आणि रुग्णाची काळजी घेणारं माणूस. बार्शीचे मास्तर आणि कोंडीबाची बायको पहिल्यांदा सरकारी कागदावर आली होती.

फोनची ओपीडी सुरू झाली. सकाळी नऊ ते एक. पहिल्या आठवड्यात गोंधळच गोंधळ. “डॉक्टर साहब, पानी रिस रहा है.” कुठून, किती, कसल्या रंगाचं? “पानी जैसा पानी.” फोटो मागवला तर अंधारात काढलेला, त्यात अर्धा गुडघा आणि भिंतीवरचं कॅलेंडर. हळूहळू मी आणि माझे रुग्ण मिळून रीत बसवत गेलो. फोटो खिडकीशी, उजेडात. जखमेशेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं, म्हणजे आकार कळतो. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली की फोन करायचा. हर्नियावाल्याने उभं राहून खोकायचं, घरच्याने जांघेत तळवा ठेवून ‘धक्का लागतो का’ ते सांगायचं. पोट दुखत असेल तर चवड्यांवर उभं राहून धपकन टाचांवर यायचं. दुखून ओरडला तर फोन बंद करून सरळ इमर्जन्सी. नळी असलेल्यांनी बाटलीतलं पाणी मोजून रोज सकाळी आकडा पाठवायचा. गॉज कसा उकळायचा, बीटाडीन किती लावायचं, जुनी पट्टी चिकटली तर ओढायची नाही, मिठाच्या पाण्याने भिजवायची, हे दिवसातून दहादा सांगायचं. माझी भाषा बदलत गेली. पूर्वी मी रुग्णाशी बोलायचे. आता पहिला प्रश्न असायचा, “घर पे और कौन है?”

अंगठा गमावलेल्या मास्तरांच्या सुनेने एकदा फोटो पाठवला. जखम सुंदर, गुलाबी, कडा गोऱ्यापान. मी म्हटलं, छान भरतेय. ती गप्प राहिली. मग अडखळत म्हणाली, “मैडम, फोटो में तो ठीक है, पर बदबू आ रही है.” तिच्या फोनमध्ये चेहरे गोरे करणारा फिल्टर आपोआप चालू व्हायचा. त्याने पायाची लाली पुसून पाय देखणा केला होता. मी वास घेऊ शकत नव्हते. तिने घेतला, आणि मॅडमच्या ‘छान’पुढे दबून न जाता सांगितलाही. संध्याकाळी पोलिसांच्या तीन बॅरिकेडवर चिठ्ठ्या दाखवत मास्तर रुग्णालयात पोचले. आत पू साचला होता. पाय वाचला. त्या दिवसापासून माझ्या वहीत एक नवा रकाना आला, ‘वास’.

अशा कामाला अर्थ होता का? त्या वर्षी एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने अंदाज केला, की साथीच्या ऐन १२ आठवड्यांत जगभरच्या सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील, त्यातल्या ५ लाख ८० हजारांवर भारतात. त्याच गटाने मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविड झालेल्यांपैकी २३.८ टक्के माणसं ३० दिवसांत दगावली. साध्या हर्नियाच्या माणसाला टाक्यांसाठी रुग्णालयात बोलावणं म्हणजे काय, हे त्या आकड्यात होतं. सरकारनेही १३ एप्रिलला रुग्णांसाठी ई-संजीवनी ओपीडी उघडली. डिसेंबरपर्यंत सगळ्या ई-संजीवनीवर मिळून १० लाख सल्ले झाले. नाव मला आवडलं. मारुतीलाही औषधी ओळखता आली नव्हती, म्हणून त्याने अख्खा डोंगर आणून वैद्यापुढे ठेवला. घरचे लोक मला वीस-वीस फोटो पाठवायचे, तेव्हा मला तो द्रोणागिरीच वाटायचा. त्यातली संजीवनी मी शोधायची.

पण ही ओपीडी सगळ्यांना उघडी नव्हती. वहीतल्या दोघी स्तनाच्या गाठीवाल्यांपैकी एकीने कधीच फोटो पाठवला नाही. फोन मुलाचा होता. “बेटे के फोन में कैसे भेजूं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वी परक्या हातापुढे पुण्याच्या बाईची जी कोंडी झाली, तीच या बाईची पोटच्या पोराच्या कॅमेऱ्यापुढे झाली. शेवटी शेजारची एक आशा कार्यकर्ती तिच्या घरी गेली, दार लावून घेतलं, जखम बघितली आणि मला फोनवर शब्दांत सांगितली. मास्तरांच्या चिठ्ठीसारखी. चित्रापेक्षा ती चिठ्ठी जास्त उपयोगी पडली. आणि ज्यांच्या वस्तीत अशी कुणी नव्हती, ती माणसं? वहीतली चार नावं मला कधीच पुन्हा भेटली नाहीत. गावी गेली असावीत, पायी. त्यांचे टाके कुणी काढले असतील, या विचाराने मी आजही अस्वस्थ होते.

एकाचे कुणी काढले, ते मला माहीत आहे. खोडा कॉलनीतला एक चौकीदार, हर्नियाचा. हद्दीपलीकडे गाझियाबाद, त्यामुळे रस्ता बंद. वस्तीतले दवाखाने बंद. टाके बारा दिवसांचे होऊन कातडीत रुतायला लागलेले. त्याची मुलगी, सतरा-अठराची, घरी बसून लेहेंग्यांवर जरी भरायचं काम करायची. मी दोन दिवस टाळाटाळ केली. दूर बसून शस्त्रक्रिया नको, हे मी स्वतःच अधोरेखित केलं होतं. टाके काढणं शस्त्रक्रिया की शुश्रूषा? अण्णा बार्शीत रोज काढायचे, त्यांना कुणी सर्जन म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी मी व्हिडिओ लावायला सांगितला.

जरीकामाची बारीक कात्री आणि भुवया कोरायचा चिमटा वीस मिनिटं पाण्यात उकळले. हात साबणाने दोनदा धुतले. “गाठ चिमट्याने उचल. त्याखाली कातडीला लागून, एकाच बाजूने काप. मग जखमेच्या दिशेने ओढ, उलट नाही.” मी सांगत होते आणि इकडे खोलीत माझी बोटं हवेत चालत होती. तिचा हात पहिल्या टाक्याला थरथरला. दुसऱ्याला नाही. बाप छताकडे बघत होता. तिसऱ्या-चौथ्या टाक्यानंतर मी सूचना द्यायची थांबले, कारण गरज उरली नव्हती. असा हात मी एमएसच्या विद्यार्थ्यांमध्येही फार थोड्यांचा पाहिला आहे. शेवटी वीज गेली, पडदा काळा झाला आणि नुसता आवाज आला, “हो गया, मैडम.”

मेट्रो ७ सप्टेंबरला सुरू झाली, ओपीडी टप्प्याटप्प्याने उघडली. डिसेंबरमध्ये बापलेक आले. मी हातमोजे घातले, त्याला झोपवलं आणि नऊ महिन्यांनी पहिल्यांदा त्या जांघेवरून बोट फिरवलं. व्रण मऊ, सरळ. खोकायला लावलं; धक्का नाही. मग बोटाला काहीतरी टोचलं. व्रणाच्या खालच्या टोकाला कातडीआड एक काळा ठिपका. एक टाका राहिला होता. पर्चीवर माझ्याच अक्षरात ‘७ टाके’ असं लिहिलेलं. त्या दिवशी मी मोजले नव्हते, ती चूक तिची नव्हती, माझी होती. मुलीचा चेहरा पडला. मी चिमटा तिच्यापुढे धरला आणि नंतर भान येऊन मागे घेतला. तो टाका मी काढला. नायलॉनचा दोन सूत तुकडा गॉजवर ठेवला. ती वाकून बघत राहिली.

मग मी पर्ची लिहायला घेतली. ‘टाके काढले’ यापुढे कोणी काढले ते लिहायला जागा नसते, कारण ते आमच्यापैकी कुणीतरी काढलेत असंच धरलेलं असतं. बार्शीच्या डॉक्टरांच्या दप्तरातही अण्णांचं नाव कुठे नव्हतं, लॅन्सेटच्या हकिगतीतही त्या आईला नाव नाही. मी पर्चीच्या कडेला, सरकारी शिक्क्याच्या वर, देवनागरीत लिहिलं, ‘७ पैकी ६, बेटी ने.’ शिपायाने शिक्का मारताना विचारलं, हे काय? मी म्हटलं, “सर्जन का नाम है.”